विश्लेषण : जुन्या ‘मसल कार’च्या बॉनेटखाली आजही एड कोल यांचेच इंजिन का बसवले जाते?

अमेरिकेत ५०-६० वर्षांपूर्वीची एखादी शेव्हरोले कमॅरो किंवा शेव्हेल गॅरेजमध्ये येते, तिचे इंजिन साखळीला टांगून बाहेर काढले जाते, खोलले जाते, नव्याने बांधून पुन्हा बसवले जाते. या कामासाठी लागणारा पिस्टनपासून गॅस्केटपर्यंतचा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. गाडी तयार होऊन अर्धशतक उलटले तरी तिचे इंजिन जिवंत राहिले, यामागे १९५२ ते १९५५ या काळात घेतलेले काही तांत्रिक निर्णय आहेत.

हे निर्णय घेणाऱ्या चमूचे प्रमुख होते एडवर्ड निकोलस कोल, म्हणजेच एड कोल. मसल कारला परवडणारे इंजिन त्यांनी दिले आणि पुढे जनरल मोटर्सचे (जीएम) अध्यक्ष झाल्यावर त्याच गाड्यांची ताकद कमी करणारा निर्णयही त्यांनीच घेतला. त्या निर्णयामुळे पेट्रोलमधून शिसे हद्दपार होण्याचा मार्ग मोकळा झाला.

कोण होते एड कोल?

कोल यांचा जन्म १७ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्न या छोट्या गावात झाला. वडिलांचा दुधाचा व्यवसाय होता. लहानपणापासून कोल यांना यंत्रे उघडून पाहण्याची आवड होती. शाळेत असताना ते रेडिओ तयार करून विकत. सुरुवातीला वकील होण्याचा विचार होता, पण मोटारींच्या ओढीने तो मागे पडला.

पुढे त्यांनी फ्लिंट शहरातील जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. तेथे विद्यार्थी काही आठवडे वर्गात आणि काही आठवडे कारखान्यात घालवत. कोल यांना कॅडिलॅक विभागाने प्रायोजित केले होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक मंदी ऐन भरात असताना याच विभागात ते नोकरीला लागले आणि निवृत्तीपर्यंत जीएममध्येच राहिले.

दुसऱ्या महायुद्धात कॅडिलॅकच्या कारखान्यात मोटारींऐवजी रणगाडे तयार होऊ लागले. हलक्या रणगाड्यांमध्ये कॅडिलॅकची दोन-दोन व्ही-८ इंजिने बसवली जात. मोटारीसाठी तयार झालेले इंजिन दुसऱ्याच यंत्रात बसवून चालवण्याचे हे काम होते आणि कोल त्यात होते. १९४६ मध्ये ते कॅडिलॅकचे मुख्य अभियंता झाले.

युद्धानंतर कोल आणि त्यांचे सहकारी हॅरी बार यांनी कॅडिलॅकसाठी ३३१ क्युबिक इंचांचे (सुमारे ५.४ लिटर) नवे व्ही-८ इंजिन तयार केले. ते १९४९ च्या गाड्यांमध्ये आले. आधीच्या इंजिनापेक्षा ते आकाराने लहान व वजनाने हलके होते आणि ताकद मात्र जास्त देत होते. पण ते श्रीमंतांच्या गाडीचे इंजिन होते. सामान्य ग्राहकाची शेव्हरोले तेव्हा अनेक वर्षे जुन्या रचनेच्या सहा सिलिंडर इंजिनावर धावत होती.

शेव्हरोलेला नवे इंजिन का हवे होते?

फोर्डने १९३२ पासूनच स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिले होते. वेगाची हौस असलेले तरुण फोर्डचीच इंजिने घेऊन त्यात फेरफार करत. शेव्हरोलेने १९१७-१८ मध्ये एक व्ही-८ गाडी काढली होती, पण त्यानंतर अशी गाडी बाजारात आली नव्हती. टिकाऊ पण कंटाळवाणी अशी शेव्हरोलेची प्रतिमा झाली होती.

मे १९५२ मध्ये कोल शेव्हरोलेचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या काळात विभागातील अभियांत्रिकी मनुष्यबळ सुमारे ८५० वरून २,९०० पर्यंत वाढले. कोल येण्यापूर्वीच शेव्हरोलेत एका २३१ क्युबिक इंची व्ही-८ इंजिनाचा आराखडा तयार होत होता. कोल आणि बार यांनी तो बाजूला ठेवला आणि २६५ क्युबिक इंचांच्या (सुमारे ४.३ लिटर) इंजिनाचे काम नव्याने सुरू केले. आराखड्यापासून उत्पादनाची यंत्रसामग्री मागवण्यापर्यंतचा टप्पा सुमारे १५ आठवड्यांत पूर्ण झाल्याचे सांगितले जाते.

१९५३ मध्ये आलेली कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार दिसायला आकर्षक होती, पण तिच्यात १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडर इंजिन होते आणि विक्री रोडावत होती. १९५५ मध्ये नवे व्ही-८ इंजिन मिळाले आणि या गाडीला जीवदान मिळाले.

या इंजिनात वेगळे काय होते?

१९५५ च्या मॉडेलांसोबत आलेले हे इंजिन पुढे ‘स्मॉल ब्लॉक’ नावाने ओळखले गेले. त्याची ताकद सुरुवातीला १६२ अश्वशक्ती होती, तर कॉर्व्हेटमध्ये ती १९५ पर्यंत नेली गेली. हे आकडे जितके महत्त्वाचे, तितकेच इंजिन कसे बनवले गेले हेही महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वजन. ब्लॉकच्या ओतकामात भिंती पातळ ठेवण्याचे तंत्र वापरले गेले. त्यामुळे आठ सिलिंडर असूनही हे इंजिन शेव्हरोलेच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनापेक्षा सुमारे ४० पौंडांनी (१८ किलो) हलके झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची सोपी यंत्रणा. पूर्वी व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म एका लांब दांड्यावर बसवले जात. हे भाग ओतून, घासून तयार करावे लागत. स्मॉल ब्लॉकमध्ये प्रत्येक रॉकर आर्म पत्र्यातून ठोकून बनवला गेला आणि स्वतंत्र बोल्टवर बसवला गेला. ही मूळ कल्पना जीएमच्याच पाँटिअॅक विभागातली. रॉकरपर्यंत तेल पोहोचवण्यासाठी वेगळी नळी न देता पुशरॉडच पोकळ ठेवला. भाग कमी, वजन कमी, खर्च कमी. शिवाय हलके भाग जास्त वेगाने हलू शकतात, त्यामुळे इंजिन अधिक आरपीएमपर्यंत सहज फिरू लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे अदलाबदल. डाव्या आणि उजव्या बाजूचे सिलिंडर हेड एकसारखेच ठेवले गेले. कारखान्यात एकच साचा पुरला आणि गॅरेजमध्ये एकच सुटा भाग दोन्हीकडे चालला.

पहिल्या वर्षी त्रुटीही होत्या. १९५५ च्या ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरसाठी जागाच नव्हती. ती १९५६ मध्ये आली. इंजिनाला चेसिसवर धरणारे बाजूचे माऊंटिंग १९५८ पासून आले. जुने इंजिन विकत घेणारे म्हणूनच आजही अगदी सुरुवातीच्या ब्लॉकपेक्षा नंतरचा ब्लॉक पसंत करतात.

मसल कारशी या इंजिनाचा संबंध कसा आला?

मसल कार म्हणजे ढोबळमानाने मध्यम आकाराची, दोन दारांची, सामान्य ग्राहकाला परवडणारी आणि तिच्या आकाराच्या मानाने खूपच मोठे व्ही-८ इंजिन असलेली अमेरिकी गाडी. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही या प्रकारातली पहिली महत्त्वाची गाडी मानली जाते. फोर्डने त्याच वर्षी मस्टँग आणली. तिला उत्तर म्हणून शेव्हरोलेची कमॅरो १९६७ चे मॉडेल म्हणून बाजारात आली.

तोपर्यंत स्मॉल ब्लॉक वाढत गेला होता. १९५७ मध्ये २८३ क्युबिक इंच, १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० (सुमारे ५.७ लिटर). १९५७ च्या फ्युएल इंजेक्शन असलेल्या इंजिनाने २८३ क्युबिक इंचांतून २८३ अश्वशक्ती दिली. बाहेरचा आकार मात्र जवळपास तोच राहिला. सिलिंडरच्या दोन केंद्रांमधील ४.४ इंचांचे अंतर १९५५ मध्ये ठरले आणि पुढच्या पिढ्यांनीही ते जपले.

याचा फायदा किती मोठा होता, हे कमॅरोच्या झेड/२८ या मॉडेलमधून दिसते. ट्रान्स-अॅम शर्यतींमध्ये इंजिनाची मर्यादा ३०५ क्युबिक इंच होती. शेव्हरोलेकडे या मापाचे इंजिन नव्हते. अभियंत्यांनी ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ च्या मापाचा क्रँकशाफ्ट बसवला. चार इंचांचा बोअर आणि तीन इंचांचा स्ट्रोक मिळून ३०२ क्युबिक इंचांचे इंजिन तयार झाले. घरच्या गॅरेजमध्ये हौशी मंडळी जे करत, तेच येथे कंपनीने केले होते.

अर्थात, सर्वच मसल कारमध्ये स्मॉल ब्लॉक नव्हता. १९७० च्या शेव्हेल एसएसमधील ४५० अश्वशक्तीचे ४५४ क्युबिक इंची इंजिन ‘बिग ब्लॉक’ या वेगळ्या कुटुंबातले. पण सर्वाधिक संख्येने तयार झालेले आणि म्हणून आज सर्वाधिक सहज मिळणारे इंजिन स्मॉल ब्लॉकच ठरले.

हे इंजिन खोलून पुन्हा बांधतात कसे?

इंजिन बाहेर काढल्यावर पहिले काम म्हणजे ओळख पटवणे. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाचा क्रमांक असतो आणि समोर उजव्या हेडच्या पुढे सपाट जागेवर ठोकलेला कोड असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरपासून तेथे गाडीच्या क्रमांकाचा भागही ठोकला जाऊ लागला. इंजिन त्याच गाडीचे असेल तर गाडीची किंमत कितीतरी वाढते, म्हणून हा पृष्ठभाग घासला जाऊ नये याची काळजी घेतली जाते.

त्यानंतर ब्लॉक रिकामा करून धुतला जातो आणि तडे तपासले जातात. सिलिंडर झिजले असतील तर मशिन शॉपमध्ये बोअरिंग होते. ३५० इंजिनाचा मूळ बोअर चार इंचांचा आहे. तो बहुतेक वेळा ०.०३० इंचांनी वाढवून त्या मापाचे नवे पिस्टन आणि रिंगा घालतात. होनिंग करून सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा उमटवतात, म्हणजे तेल धरून राहते. क्रँकशाफ्ट घासून त्याच्या पाच मुख्य आधारांवर नवे बेअरिंग बसवले जातात.

जोडणीतही काही खास खाचखळगे आहेत. प्रत्येक हेडला १७ बोल्ट लागतात आणि ते थेट पाण्याच्या पोकळीपर्यंत जातात. बोल्टच्या आट्यांना सीलंट लावले नाही, तर नवे कोरे इंजिन पहिल्याच दिवशी पाणी गळू लागते. इंजिन सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून दांडा घालून ड्रिल मशिनने ऑइल पंप फिरवतात, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर क्रँक फिरत नाही. जुन्या पद्धतीचा कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन सुरू होताच सुमारे २० मिनिटे २,००० आरपीएमच्या आसपास चालवतात. ते मंद ठेवले तर कॅमला पुरेसे तेल मिळत नाही आणि तो तेथेच झिजतो.

गाडीत बसवतानाची मुख्य सोय म्हणजे गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टची रचना. शेव्हरोले व्ही-८ साठी ती १९५५ पासून अनेक दशके तीच राहिली. त्यामुळे १९६० च्या दशकातील गाडीत १९८० च्या दशकातील इंजिन बसते. पण डोळे झाकून नाही. १९८६ पासून क्रँकचे मागचे सील आणि फ्लायव्हीलचे संतुलन बदलले, तर ४०० क्युबिक इंची इंजिनाचे संतुलन पहिल्यापासून वेगळे होते. चुकीचे फ्लायव्हील लावले तर गाडीभर थरथर जाणवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसल्याची खात्री करावी लागते. बोल्ट आवळून इंजिन आणि गिअरबॉक्स जबरदस्तीने जवळ ओढले, तर आतला पंप फुटतो.

कॉर्व्हेअरने कोल यांना अडचणीत का आणले?

स्मॉल ब्लॉकच्या यशानंतर १९५६ मध्ये कोल शेव्हरोलेचे महाव्यवस्थापक झाले. युरोपातून येणाऱ्या छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून त्यांनी कॉर्व्हेअर आणली. मागच्या बाजूला बसवलेले, हवेने थंड होणारे, अॅल्युमिनियमचे सहा सिलिंडर इंजिन ही अमेरिकी कंपनीसाठी धाडसी रचना होती. ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कोल झळकले.

दोष मागच्या चाकांच्या सस्पेन्शनमध्ये होता. वजन मागे असल्याने वेगात वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची शक्यता होती. त्याला आळा घालू शकणारा अँटी-रोल बार खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीला दिला गेला नाही. त्याऐवजी पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय आणि मागच्या टायरमध्ये २६ पीएसआय हवा ठेवण्याची सूचना होती. बहुतेक मालकांना ती माहीत नसे किंवा ते पाळत नसत. १९६४ मध्ये पुढे अँटी-रोल बार आला आणि १९६५ मध्ये सस्पेन्शन पूर्ण बदलले. पण तोपर्यंत अपघातांवरून शंभरहून अधिक खटले दाखल झाले होते.

१९६५ मध्ये वकील राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सुरक्षेवरील पुस्तक आले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. जीएमने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावल्याचे उघड झाले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. सुरुवातीच्या कॉर्व्हेअर त्या काळातील तशाच गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हत्या, असा निष्कर्ष सरकारी चाचण्यांवर आधारित अहवालाने १९७२ मध्ये काढला. पण गाडीचे उत्पादन १९६९ मध्येच बंद झाले होते.

कोल यांची बढती मात्र थांबली नाही. १९६७ मध्ये ते जीएमचे अध्यक्ष झाले. या पदावर असताना त्यांनी एअरबॅगचा पुरस्कार केला. १९७३ मध्ये जीएमने १,००० शेव्हरोले इम्पाला एअरबॅगसह तयार केल्या आणि १९७४ ते १९७६ दरम्यान अशा सुमारे १० हजार गाड्या ग्राहकांना विकल्या.

पेट्रोलमधून शिसे काढण्याचा निर्णय काय होता?

पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले की इंजिनातील ‘नॉकिंग’ थांबते, हे १९२१ मध्ये जीएमच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी शोधले होते. त्याची विक्री करण्यासाठी १९२४ मध्ये जीएमने एका तेल कंपनीसोबत इथिल कॉर्पोरेशन स्थापन केली. १९६२ मध्ये ती विकेपर्यंत जीएम तिची भागीदार होती.

शिसे आणि मसल कार यांचे नाते थेट होते. इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण जितके जास्त दाबले जाते तितकी ताकद जास्त मिळते. पण जास्त दाबाखाली साधे पेट्रोल वेळेआधीच पेटते. शिशामुळे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढत असल्याने ११:१ सारखा कॉम्प्रेशन रेशो शक्य झाला. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये गादीसारखे कामही करत होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिससह अनेक शहरे धुरक्याने त्रासली होती. धुरातील घातक वायू कमी करण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा उपाय होता. त्यातील प्लॅटिनमसारख्या धातूंच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी वायूंमध्ये होते. पण शिसे या पृष्ठभागावर बसले की कन्व्हर्टर निकामी होतो. शिसे असलेले पेट्रोल आणि कन्व्हर्टर एकत्र नांदू शकत नव्हते.

जानेवारी १९७० मध्ये डेट्रॉईटमध्ये मोटार अभियंत्यांच्या परिषदेत कोल यांनी पेट्रोल शिसेमुक्त करण्याची मागणी जाहीरपणे केली. शिशाचा व्यवसाय ज्या कंपनीने उभा केला, तिच्याच अध्यक्षाने ही भूमिका घेतल्याने तेल आणि शिसे उद्योगाला धक्का बसला. कोल तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७१ च्या मॉडेलपासून जीएमची इंजिने ९१ ऑक्टेनच्या, शिसे नसलेल्या किंवा कमी असलेल्या पेट्रोलवर चालतील अशी बदलली गेली. ३१ डिसेंबर १९७० रोजी नवा स्वच्छ हवा कायदा लागू झाला. त्यात गाड्यांच्या धुरातील प्रदूषकांत ९० टक्के कपात बंधनकारक होती. १९७४ मध्ये पेट्रोल पंपांना शिसेमुक्त पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले आणि १९७५ च्या जीएमच्या जवळपास सर्व अमेरिकी गाड्या कन्व्हर्टरसह आल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शिसे विषारी आहे, म्हणून हा निर्णय झाला नव्हता. शिशाच्या प्रदूषणाबाबत क्लेअर पॅटरसन यांच्यासारखे शास्त्रज्ञ आधीपासून इशारे देत होते, पण कोल यांना कन्व्हर्टर वाचवायचा होता. परिणाम मात्र आरोग्यावर झाला. अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण १९७६-८० मध्ये प्रति डेसिलिटर १२.८ मायक्रोग्रॅम होते, ते १९८८-९१ पर्यंत २.८ वर आले. अन्नाच्या डब्यांतील शिसे कमी होणे हेही त्याचे एक कारण, पण मोठा वाटा पेट्रोलचा होता. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो.

मसल कारचे काय झाले?

कॉम्प्रेशन रेशो घटताच ताकद घटली. कॉर्व्हेटमधील ‘एलटी-१’ या ३५० क्युबिक इंची स्मॉल ब्लॉकचा कॉम्प्रेशन रेशो १९७० मध्ये ११:१ आणि ताकद ३७० अश्वशक्ती होती. १९७१ मध्ये हे आकडे ९:१ आणि ३३० झाले. १९७२ मध्ये ताकद २५५ दाखवली गेली. ही शेवटची घट बरीचशी कागदावरची होती. तोपर्यंत उघड्या इंजिनाची ताकद मोजली जात असे. आता पंखा, सायलेन्सर यांसह मोजली जाऊ लागली. पण १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटमध्ये १६५ अश्वशक्ती उरली होती, ही घट खरी होती.

मसल कार संपण्याला एकटे कोल जबाबदार नव्हते. विम्याचे हप्ते आधीच वाढले होते आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या इंजिनांचे गणितच बिघडले. तरीही शौकिनांच्या लेखी १९७० हे अखेरचे सुवर्णवर्ष ठरले आणि १९७१ ची घसरण कोल यांच्या कार्यकाळात झाली.

आज जुने इंजिन बांधताना या निर्णयाशी सामना होतोच. शिशाची गादी नसल्याने ओतीव लोखंडाच्या जुन्या हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीट जास्त वेगाने आणि जास्त भाराखाली झिजतात. म्हणून मशिन शॉपमध्ये तेथे कडक धातूच्या नव्या सीट बसवून घेतल्या जातात. ११:१ कॉम्प्रेशनचे मूळ इंजिन आजच्या साध्या पेट्रोलवर नॉक करते, म्हणून अनेक जण कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन निवडतात.

व्हेगा आणि अखेरची वर्षे

कोल यांचा आणखी एक प्रकल्प म्हणजे सप्टेंबर १९७० मध्ये आलेली शेव्हरोले व्हेगा. या छोट्या गाडीच्या २.३ लिटर इंजिनाचा ब्लॉक सिलिकॉनयुक्त अॅल्युमिनियमचा होता आणि त्यात लोखंडी स्लीव्ह नव्हत्या. कल्पना काळाच्या पुढची होती, पण अंमलबजावणी कच्ची ठरली. इंजिन तापले की सिलिंडरची झीज होई आणि गाडी तेल खाऊ लागे. त्यात पत्राही लवकर गंजत असे. सुमारे २० लाख गाड्या विकल्या गेल्या, पण नाव खराब झाले. रोटरी पद्धतीच्या वांकेल इंजिनासाठीही कोल आग्रही होते. जीएमने त्याच्या परवान्यासाठी १९७० मध्ये पाच कोटी डॉलरचा करार केला, पण इंधनाचा वापर आणि प्रदूषण यांचे गणित न जुळल्याने ते इंजिन जीएमच्या गाड्यांत कधीच आले नाही.

व्हेगाच्या मालकांनी आणि ड्रॅग रेसिंगच्या हौशी मंडळींनी वेगळाच मार्ग काढला. मूळ इंजिन काढून त्या जागी स्मॉल ब्लॉक व्ही-८ बसवण्याचे प्रकार सर्रास झाले. कॉर्व्हेअरमध्येही मागची सीट काढून तेथे स्मॉल ब्लॉक बसवण्यासाठी किट मिळू लागली. कोल यांची नवी इंजिने जिथे कमी पडली, तिथे त्यांचेच जुने इंजिन कामी आले.

सप्टेंबर १९७४ मध्ये कोल जीएममधून निवृत्त झाले. पुढे ते टॅक्सीसाठी प्रसिद्ध असलेल्या चेकर मोटर्सचे प्रमुख झाले. २ मे १९७७ रोजी खराब हवामानात स्वतःचे छोटे विमान चालवत असताना मिशिगनमध्येच मेंडनजवळ ते कोसळले आणि कोल यांचा मृत्यू झाला. ते ६७ वर्षांचे होते.

भारताशी याचा संबंध काय?

जीएमने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, म्हणजे स्मॉल ब्लॉक बाजारात आला त्याच सुमारास. त्यामुळे शिवडीत जुळणी झालेल्या जुन्या शेव्हरोले सहसा सहा सिलिंडरच्या आहेत.

दुसरा धागा पेट्रोलचा आहे. एप्रिल १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत शिसेमुक्त पेट्रोल आले आणि नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्ण बंदी १९९६ मध्ये आली होती. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जेरियातील पंपांवर ते बंद झाले. कोल यांच्या डेट्रॉईटमधील भाषणाला तेव्हा ५१ वर्षे झाली होती.

स्मॉल ब्लॉकचे उत्पादन मात्र सुरूच राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये जीएमने पुढच्या पिढ्यांसह १० कोटींवे स्मॉल ब्लॉक इंजिन तयार केले. जुन्या गाड्यांत बसवण्यासाठी नवी कोरी ‘क्रेट’ इंजिनेही लाकडी खोक्यातून विकली गेली. या क्रेट इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह सीट आधीपासूनच शिसेमुक्त पेट्रोलसाठी तयार असतात.